४३ नंबरांची वही : निदानानंतरच्या नऊ महिन्यांचा प्रकरण अभ्यास

आई पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा तिच्या हातात मुलाच्या ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) निदानाची फाईल होती आणि फाईलवर एक शाळेची वही. मोठ्या मुलीची जुनी वही, मागची पानं कोरी राहिलेली. त्या पानांवर फोन नंबर होते. बोलता बोलता मी मोजले, ४३ भरले. कुणापुढे 'उचलत नाहीत', कुणापुढे 'पाच महिने वेटिंग', कुणापुढे 'पाच वर्षांच्या आतली मुलं घेत नाहीत', तर कुणापुढे नुसतीच फुली.

"ताई, यातलं कुणीच वाईट वागलं नाही," ती म्हणाली. "पण प्रत्येक जण मला पुढचा नंबर देतो."

हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्या वाक्यामुळे. मी एका बालविकास केंद्रात कुटुंबांबरोबर काम करते. मुलांबरोबर थेरपिस्ट काम करतात, माझ्या वाट्याला घर येतं. त्यामुळे यात थेरपीबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त असेल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि नावांऐवजी नात्यांनीच काम भागवलं आहे.

कुटुंब

आई ३४ वर्षांची, निदानाच्या आधीपासूनच बिनपगारी रजेवर. बाबा शिफ्टमध्ये काम करणारे, बहुतेक वेळा दुसरी पाळी. मोठी लेक आठ वर्षांची. बाबांची आई, म्हणजे आजी, घरातच. आईची धाकटी बहीण अर्ध्या तासाच्या अंतरावर राहणारी. आणि मुलगा, निदानाच्या वेळी ३ वर्षं २ महिन्यांचा.

दीड वर्षाचा असताना तो बोट दाखवून काही मागत नव्हता. हे आईच्या लक्षात आलं होतं. 'मुलगे उशिरा बोलतात' हे तिला इतक्या जणांनी सांगितलं की तिने लक्षात येणंच बंद केलं. हे तिचेच शब्द. मग ऐकण्याची तपासणी झाली, ती व्यवस्थित निघाली. अडीच वर्षांचा असताना २० प्रश्नांची प्राथमिक चाळणी, पुढे सविस्तर मूल्यमापन, आणि शेवटी ११ पानी अहवाल : ऑटिझम, आधाराची गरज स्तर २.

या 'स्तर २'ने घरात घोळ घातला होता. बाबांना तो आजाराचा टप्पा वाटत होता, म्हणजे पुढे स्तर ३ येणार. तसं नाही. हे स्तर २०१३ च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत आले. ते मुलाच्या बुद्धीबद्दल काही सांगत नाहीत. मुलाला आज किती आधार लागतो एवढंच त्यातून कळतं, आणि तेही दोन बाबतींत वेगवेगळं : लोकांशी होणारा संवाद आणि तेच ते करण्याची ओढ. दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं तर आकडा बदललेला असू शकतो, दोन्ही दिशांना. अहवाल देताना हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, पण त्या खोलीत त्या दिवशी कानांत काही शिरत नव्हतं.

मी दिलेला ४४वा नंबर

पहिल्या भेटीत मी काय केलं, तर मीही यादी दिली. वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी, झोपेसाठी डॉक्टर, सवलतींचे अर्ज, पालक गट, बालवाडी. नऊ कलमांचा कागद, नीट टाईप केलेला. मला स्वतःला तो आवडायचाही.

तीन आठवडे ती आली नाही. मी फोन केला तेव्हा म्हणाली, "कागद फ्रिजवर लावलाय. त्यातलं एकही काम झालं नाही, म्हणून यायला लाज वाटली."

तिला मदत हवी होती आणि मी तिला गृहपाठ दिला होता. माहितीचा तुटवडा तिच्याकडे नव्हताच. आधार शोधणं हीच एक पूर्णवेळ नोकरी होऊन बसली होती, आणि ती एकटीच्या अंगावर पडली होती. शोधणाऱ्यालाच झोप नसेल, तर मिळालेला पत्ता वापरणार कोण? तो कागद मी त्यानंतर कुणालाही पहिल्या भेटीत दिलेला नाही.

दिवस कसा जातो

दुसऱ्या भेटीला मी घरी गेले आणि एकच गोष्ट विचारली : सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंतचा दिवस सांगा. ही रीत माझी नाही. कुटुंबाच्या रोजच्या वेळापत्रकावरून मुलाखत घेण्याची ही पद्धत रॉबिन मॅकविल्यम यांनी बसवली. प्रत्येक वेळेला कोण कुठे असतं, मूल काय करतं, आणि त्या वेळेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, एक ते पाच. 'मुलाच्या समस्या सांगा' म्हटलं की पालक अहवालातले शब्द परत वाचून दाखवतात. 'आंघोळीच्या वेळी काय होतं' म्हटलं की घर दिसायला लागतं.

पावणेदोन तास लागले. सकाळ चार गुणांची. आंघोळ पाच, कारण पाणी म्हणजे त्याचा जीव की प्राण. नळ उघडून धारेखाली बोटं धरून तो अर्धा तास शांत बसतो. केस कापणं शून्य (मी म्हटलं, एकपासून सुरू होतं, तरी ती शून्यावरच ठाम). बाहेर जाताना कपडे घालणं दोन.

मग रात्र आली आणि आई गप्प झाली. आजी म्हणाल्या, "तो रात्री उठतो थोडा." हे 'थोडा' म्हणजे आठवड्यातल्या सहा रात्री, एक ते चार. घरातल्या बाकीच्यांची झोप मोडू नये म्हणून आई त्याला घेऊन बाहेरच्या खोलीत बसायची. अकरा महिने. बाबा दुसरी पाळी करून अकराला यायचे आणि झोपायचे. त्यांना हे माहीत होतं. पण किती, ते माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट तिने सहज सांगितल्यासारखी सांगितली. मुलाने दोनदा घराचं दार उघडलं होतं. एकदा तो दोन मजले खाली, बाहेरच्या नळापाशी सापडला.

इथे मी बाकी सगळं बाजूला ठेवलं. ऑटिझम असलेली मुलं घरातून किंवा हातातून निसटून जाणं फार आढळतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत ४९ टक्के पालकांनी सांगितलं होतं की चार वर्षांचं झाल्यानंतर मूल निदान एकदा तरी असं निघून जायला बघत होतं. त्यात पाण्याची ओढ असलेल्या मुलाला बुडण्याचा धोका सगळ्यांत मोठा. म्हणून पहिल्या महिन्याच्या योजनेत दोनच ओळी होत्या : दार आणि झोप. अर्ज नाहीत, बालवाडी नाही, थेरपी केंद्रांची तुलना नाही.

दाराला वर कडी लागली आणि एक छोटी घंटा, दार हललं की वाजणारी. मग प्रत्येक मजल्यावरच्या लोकांना सांगायचं ठरलं. हे आईला जड गेलं, कारण त्यासाठी तो शब्द उच्चारावा लागणार होता. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त बाईंना तिने पहिल्यांदा सांगितलं : "आमच्या मुलाला ऑटिझम आहे. हाक मारली तर तो ओ देणार नाही. एकटा दिसला तर आधी पाण्याजवळ जाऊ देऊ नका, मग मला फोन करा." निदानाला अडीच महिने झाले होते आणि घराबाहेर हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला तो कडीमुळे. भावना मोकळ्या करायच्या म्हणून कुणाला सांगणं तिला जमलं नसतं. कामासाठी सांगणं जमलं.

झोपेचं काम मुलांच्या डॉक्टरांनी हातात घेतलं. झोपेची तक्रार आली की आधी पोट, दात, लोह बघतात, कारण जे मूल 'दुखतंय' सांगू शकत नाही ते जागं राहून सांगतं. याला बद्धकोष्ठ निघालं. त्यावर उपचार झाले, संध्याकाळचा स्क्रीन बंद झाला, रात्रीचा क्रम ठरला आणि सकाळी उठण्याची वेळ पक्की झाली, रात्र कशीही गेलेली असो. मेलाटोनिनचा, म्हणजे झोपेच्या संप्रेरकाचा, विचार डॉक्टरांनी राखून ठेवला, एवढ्याने भागलं नाही तर. सात आठवड्यांत सहा जाग्या रात्रींच्या दोन-तीन झाल्या. त्यांतल्या शुक्रवार आणि शनिवार बाबांच्या.

आई सलग पाच तास झोपली त्या दिवशी तिने मला मेसेज केला. त्यात मजकूर नव्हता, फक्त '५' होता.

नकाशा

झोप थोडी सुधारल्यावर मी मोठा कागद घेऊन गेले. सामाजिक कार्यात याला इकोमॅप म्हणतात. १९७५ च्या सुमारास ॲन हार्टमन यांनी तो वापरात आणला. मध्यभागी घराचं वर्तुळ, भोवती घराशी संबंध असलेली माणसं आणि संस्था. भक्कम नात्याला जाड रेघ, बेताच्या नात्याला तुटक, त्रासाच्या नात्याला नागमोडी.

आईने १७ वर्तुळं काढली. डॉक्टर, दोन थेरपी केंद्रं, बालवाडी, मुलीची शाळा, बहीण, ऑफिस, खालच्या बाई, पालकांचा ग्रुप, असं बरंच काही. सगळ्या रेषा तिच्यापासून निघत होत्या. घराच्या वर्तुळातून नव्हे, घरातल्या तिच्या नावापासून. आणि बाबांचं वर्तुळ तिने बाहेर काढलं होतं, मुलीच्या शाळेच्या शेजारी, तुटक रेषेचं.

मुद्दाम केलं नव्हतं. काढून झाल्यावर तिलाच दिसलं. बाबा कागदाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मी पाहुणा आहे काय?"

आई म्हणाली, "अहो, मी तसं नाही म्हणाले."

"चित्र म्हणतंय की."

अशा वेळी समुपदेशकाने काहीतरी शहाणपणाचं बोलावं अशी अपेक्षा असते. मी गप्प राहिले, ते बरं झालं. बाबांनी वही मागून घेतली.

पुढचे दोन आठवडे पाळीला जाण्याआधी, अकरा ते एक, ते फोन करत बसले. त्यांची कामाची पद्धत वेगळी. ४३ नंबरांचा तक्ता केला. त्यातले नऊ नंबर दोनदा लिहिलेले किंवा बंद पडलेले होते. बारा ठिकाणं मोठ्या मुलांसाठीची निघाली. सात ठिकाणं एवढी लांब की जाण्यायेण्यातच दिवस जावा. नऊ ठिकाणी पोचल्यावर कळायचं की तिथे फक्त तपासणी होते, थेरपी नाही. उरली सहा. तीन महिने आई ज्या जंगलात फिरत होती त्यात झाडं सहाच होती. तीन ठिकाणी मात्र बाबांना सांगण्यात आलं, "मुलाच्या आईला फोन द्या." त्यांना याचा राग आला. मला राग यायचा बंद झालाय, पण आश्चर्य अजून वाटतं.

तक्त्यानंतर 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांची पाळी. असे पाच जण होते. ही माणसं खोटं बोलत नसतात. काय लागेल हे त्यांना माहीत नसतं, आणि दमलेल्या बाईला ते शोधून सांगण्याचं त्राण नसतं. म्हणून आम्ही प्रत्येकासाठी एक वार, एक वेळ आणि एक काम लिहिलं, नाही म्हणायची वाट मोकळी ठेवून. खालच्या बाईंना विचारलं, मंगळवार-गुरुवार पाच ते सहा मोठ्या लेकीचा अभ्यास घ्याल का? त्या लगेच हो म्हणाल्या. मुलाला सांभाळायची त्यांना भीती वाटत होती, हे त्यांनी नंतर कबूल केलं. मुलाचं काम मागितलं असतं तर त्या दोन्ही मुलांपासून दूर गेल्या असत्या. बाबांच्या एका मित्राकडे गाडीने केंद्रात सोडण्याचं काम आलं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सवलतींचे अर्ज भरून द्यायचं घेतलं. पाचांपैकी दोघांनी सभ्यपणे अंग काढून घेतलं, आणि त्यांची नावं कागदावरून पुसल्यावर आईला हलकं वाटलं.

मावशीचं प्रकरण वेगळं. तिला मुलगा हवा होता, शनिवारची अख्खी दुपार. पण त्याला सांभाळायला शिकावं लागतं. पहिले चार शनिवार आई घरातच राहिली, दुसऱ्या खोलीत. पाचव्या शनिवारी बाहेर गेली आणि चाळीस मिनिटांत परत आली. सहाव्या शनिवारी तीन तासांनी. त्या तीन तासांत काय केलं, हे मी विचारलं नाही.

आजी

आजींचं मत ठाम होतं : हिने मोबाईल दाखवला, हिने नोकरी केली, म्हणून झालं. त्या दुष्ट नाहीत. कारण सापडलं नाही की माणूस जवळचं कारण उचलतो, आणि आई नेहमी सगळ्यांत जवळ असते.

आजींना हा समज सुचला तसा तो मोठमोठ्या तज्ज्ञांनाही सुचला होता. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढची दोन दशकं मानसोपचारात 'थंड आई'चा सिद्धांत बोकाळला, आणि ब्रूनो बेटलहाइम यांनी तो घरोघरी पोचवला. त्याला पहिला मोठा धक्का १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी दिला. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही. मग १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, वेगळ्या तोंडवळ्याच्या जुळ्यांच्या दहांपैकी एकाही जोडीत नाही. आईचं वागणं दोन्हीकडे तेच. फरक होता तो जनुकांचा.

मी आजींना हे सगळं सांगितलं का? जुळ्यांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला तो रिपोर्ट वाचून दाखव, सगळा." ११ पानं मी वाचली, अवघड शब्द सोपे करत. सातव्या पानावर, वस्तू ओळीत मांडण्याबद्दल, त्यांनी मला थांबवलं. त्यांचा भाऊ असा होता. कुणाशी बोलायचा नाही, भांडी उंचीप्रमाणे लावायचा, कुणी हलवली तर जेवायचा नाही. सगळे त्याला विक्षिप्त म्हणायचे. मी यावर काही बोलले नाही. जो माणूस समोर नाही त्याचं निदान कुणी करू नये. पण त्या दिवसानंतर मोबाईलचा विषय निघाला नाही, आणि संध्याकाळचा पाण्याचा अर्धा तास आजींनी आपल्याकडे घेतला. सुनेची माफी वगैरे मागितली नाही. सुनेनेही ती अपेक्षा ठेवली नव्हती.

तासांचं गणित

बाबांनी वही घेतली याचा एक तोटाही झाला. फोन करताना त्यांना कुणीतरी सांगितलं की आठवड्याला ४० तास थेरपी हवी, आणि तीही पाच वर्षांच्या आत. त्यांनी लगेच हिशेब केला. "आम्हाला दोन तास मिळतात. म्हणजे आठवड्याला ३८ तास कमी पडतायत." हा आकडा त्यांनी तक्त्याच्या डोक्यावर लाल अक्षरात लिहिला.

या ४० तासांचा उगम बराचसा मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांच्या १९८७ च्या निबंधात आहे. १९ मुलांना आठवड्याला ४० तास शिकवलं, त्यातली नऊ सर्वसाधारण शाळेत गेली, असा तो दावा. मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत घातलेली नव्हती, आणि शिकवण्यात चापट मारणंही होतं, हे आकड्याबरोबर कुणी सांगत नाही. २०२४ मध्ये १४४ अभ्यास आणि ९,०३८ मुलं एकत्र धरून केलेल्या विश्लेषणात, जास्त तास म्हणजे जास्त फायदा याला भक्कम पुरावा सापडला नाही. याचा अर्थ थेरपी नको असा नाही. 'तास किती' यापेक्षा 'त्या तासात काय, आणि उरलेल्या दिवसात त्यातलं काय टिकतं' हे विचारावं लागतं. बाबांनी लाल आकडा लगेच खोडला नाही. चार महिन्यांनी खोडलेला दिसला.

तोवर मात्र त्या ३८ तासांच्या भीतीनेच ते एका जाळ्यात ओढले गेले होते. पालकांच्या एका फोन-ग्रुपवर एक जण 'शरीरातले जड धातू काढण्याचा' कोर्स विकत होता. बाबा कर्ज काढायच्या तयारीत होते. मी त्यांना एकच प्रश्न विचारून यायला सांगितलं : याचा उपयोग होत नाहीये हे आम्हाला कधी आणि कशावरून कळेल? उत्तर आलं, "सुरुवातीला त्रास वाढेल. म्हणजे विष बाहेर पडतंय." बरं वाटलं तर औषधामुळे, बिघडलं तरी औषधामुळे. बाबा यंत्रांवर काम करतात. ज्या यंत्राचा बिघाड ओळखताच येत नाही ते ते विकत घेणार नाहीत. किलेशन म्हणतात त्या या उपचाराचा ऑटिझममध्ये उपयोग होतो याला पुरावा नाही, आणि २००५ मध्ये अमेरिकेत तो घेताना पाच वर्षांचा एक मुलगा दगावला, हे मी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ते विक्रेत्याची बाजू घेऊन माझ्याशी भांडले असते. घाबरलेल्या माणसाची निवड चूक म्हटली की तो ती घट्ट धरतो.

'दार बंद होत आहे'

वाचा-उपचाराचं वेटिंग पाच महिन्यांचंच राहिलं. त्या काळात आईबाबा आमच्या केंद्रातल्या पालक-प्रशिक्षणाला आले, आळीपाळीने. जागतिक आरोग्य संघटनेचा हा कार्यक्रम दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे : नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी. खेळात, जेवताना, कपडे घालताना मुलाशी देवाणघेवाण कशी वाढवायची, हे त्यात शिकवतात.

मुलगा फारसं बोलत नव्हता, पण एक वाक्य स्वच्छ म्हणायचा : "दार बंद होत आहे." लिफ्टमधली घोषणा, त्याच चढउतारासह. घरात सगळे हसायचे, नंतर वैतागायचे. तिसऱ्या सत्रानंतर आईने आठवडाभर नोंद ठेवली, हे वाक्य कधी येतं याची. पाहुणे जास्त वेळ बसले की. मिक्सर सुरू झाला की. केस कापायच्या दुकानात. लिफ्टमध्ये मात्र जवळजवळ कधीच नाही.

त्याला म्हणायचं होतं, मला इथून जायचंय.

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं याला एके काळी निरर्थक सवय मानून ती मोडायचा प्रयत्न करत. बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की अशा पुनरुक्तीमागे बरेचदा हेतू असतो. आई आता त्या वाक्यावर "जाऊ या?" म्हणते आणि खरोखर उठते. दाराचं चित्र असलेलं एक कार्डही केलं, म्हणजे शब्द सुचला नाही तरी ते देता येईल. चित्रकार्डांनी मूल बोलायचं थांबेल अशी आजींना शंका होती. ही शंका जवळजवळ प्रत्येक घरात निघते, आणि अभ्यास तिच्या उलट बाजूला झुकतात. चौथ्या महिन्यात त्याने कार्ड देत देत "जाऊ या" म्हटलं.

ब्रिटनमध्ये १५२ मुलांवर झालेला एक प्रयोग इथे आठवतो. पालकांना स्वतःच्या खेळाचं चित्रीकरण दाखवून शिकवलं गेलं. २०१० मध्ये पहिले निकाल आले तेव्हा ऑटिझमच्या लक्षणांवर ठळक परिणाम दिसला नव्हता. प्रशिक्षण संपल्यावर सुमारे सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा लक्षणांत फरक दिसला. पालकांना मी हे सांगते ते घाई कमी व्हावी म्हणून.

दोन गट

मी सुचवलेल्या पहिल्या पालक गटातून आई रडत परत आली. तिथे प्रत्येक जण आपल्या मुलाची दुसऱ्याशी तुलना करत होता, आणि एका बाईंनी तिला सांगितलं, "तुमचा तर बराच सौम्य आहे, तुम्हाला काय कळणार." वाईट गट गटाशिवाय असण्यापेक्षा वाईट, हे मी आता स्पष्ट सांगते. दुसरा गट लहान होता, सहा कुटुंबं. पंधरा दिवसांनी भेटायची. एक नियम : सल्ला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. या गटात ऑटिझम असलेला एक तरुण येतो, बोलण्यापेक्षा टाईप करणं पसंत करणारा. आईने त्याला विचारलं, लहानपणी केस कापताना काय व्हायचं? त्याने टाईप केलं, "कात्रीचा आवाज कानाच्या आत होतो." ११ पानी अहवालात हे नव्हतं.

अशा गटांना 'बाकी सगळं झाल्यावरची सोय' समजायची पद्धत आहे. इतिहास उलटा आहे. लंडनमध्ये १९६२ साली पालकांनी एकत्र येऊन संस्था काढली, तीच आजची तिथली राष्ट्रीय ऑटिझम संस्था. अमेरिकेत १९६५ मध्ये रिमलँड, रूथ सलिव्हन आणि इतर पालकांनी तेच केलं. सोयी नंतर आल्या, आधी बैठका झाल्या. पुढे १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक व्यक्तीने पालकांसमोर केलेल्या मांडणीचा आशय असा होता की तुम्ही ज्या मुलाची वाट पाहिली ते आलं नाही याचं दुःख करा, पण समोर आलेल्या मुलाच्या अंगावर ते टाकू नका. बाबांना हे पटलं. आई म्हणाली, "बरोबर आहे. पण दुःख करायला वेळ कोण देतं?"

नऊ महिन्यांनी

मुलगा आता तीसेक वाक्यखंड वापरतो. हाकेला ओ अजून क्वचितच देतो. केस घरीच, झोपेत, टप्प्याटप्प्याने कापतात. एका बालवाडीने त्याला घेतलं आणि दोन आठवड्यांत 'इतर पालकांच्या तक्रारी आहेत' म्हणून परत पाठवलं. दुसरीने रोज दोन तास ठेवून घेतलंय. मोठ्या लेकीने एकदा विचारलं, "मलापण होणार का?", त्यानंतर रविवारचा एक तास बाबा फक्त तिला देतात. आई आठवड्यातून तीन दिवस कामावर जाते. नवराबायकोचं भांडण होतं, पूर्वीपेक्षा जास्तच. आईच्या मते हे चांगलं लक्षण आहे, पूर्वी भांडायला ताकद नव्हती. माझं मत अजून बनलेलं नाही.

मागच्या भेटीत नकाशा पुन्हा काढला. १७ ऐवजी १२ वर्तुळं. आईपासून निघणाऱ्या रेषा पाच. बाबा आत.

काढून झाल्यावर बाबांनी पेन्सिलीने आजींच्या नावाभोवती गोल केला आणि बाजूला लिहिलं, '६ आठवडे नाही'. पुढच्या महिन्यात आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. संध्याकाळच्या पाण्याचा अर्धा तास मोकळा पडतोय. खालच्या बाईंना विचारायचं का, यावर दोघांचं एकमत झालं नाही. पुढची भेट त्यासाठी ठेवली आहे.